संतुलित समीकरण, असंतुलित आकलन : प्रारंभिक रसायनशास्त्रातील अवक्षेपण अभिक्रियांच्या मांडणीची चिकित्सा

गोषवारा

माध्यमिक शाळेपासून पदवीच्या प्रथम वर्षापर्यंत अवक्षेपण अभिक्रिया हा विषय प्रामुख्याने समीकरण संतुलित करण्याचा सराव म्हणून शिकविला जातो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे झाले की उत्तर पूर्ण मानले जाते. अभिक्रिया मुळात घडते किंवा नाही, हा प्रश्न मात्र मागे राहतो. अणूंची मोजदाद आणि घटनेची शक्यता हे दोन स्वतंत्र प्रश्न असून त्यांची गल्लत झाल्यामुळे विद्यार्थ्याचे आकलन एकांगी राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रचलित उदाहरणांची चिकित्सा केली असून पनवेल परिसरातील मिठागरे व औद्योगिक सांडपाणी यांच्या संदर्भात पर्यायी मांडणी सुचविली आहे.

बीजसंज्ञा : अवक्षेप, विद्राव्यता, आयन, निव्वळ आयनिक समीकरण, सहगुणक, परिभाषा.

१. प्रस्तावना

दोन स्वच्छ, पारदर्शक द्रावणे एकत्र केली असता क्षणात पांढरा, पिवळा किंवा निळा स्थायू पदार्थ दिसू लागतो. रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनात इतके प्रत्ययकारी दुसरे दृश्य क्वचितच असेल. विद्यार्थ्याच्या मनात ‘हा पदार्थ आला कोठून?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तथापि आपल्या वर्गातील पुढची पायरी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची नसते. फळ्यावर समीकरण लिहिले जाते, बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू मोजले जातात, सहगुणक भरले जातात आणि विषय संपतो. कुतूहलाचे रूपांतर अंकगणितात होते.

पनवेल, उरण, पेण, खालापूर, कर्जत या तालुक्यांतून पनवेलच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांत मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांचा वर्ग मोठा आहे. यांपैकी अनेकांना समीकरण संतुलित करता येते. मात्र ‘या चंचुपात्रात आता नेमके काय आहे?’ असे विचारल्यास उत्तर अडखळते. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नाही. आपण जे विचारतो तेच तो शिकतो. म्हणून या लेखात विद्यार्थ्याची नव्हे, तर आपल्या मांडणीची चिकित्सा अभिप्रेत आहे.

२. एका समीकरणातील दोन विधाने

अवक्षेपणाचे समीकरण वस्तुतः दोन विधाने करीत असते. पहिले विधान मोजदादीचे : जेवढे अणू आत गेले तेवढेच बाहेर आले. लाव्हाझिएने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याचा पाया घातला त्या वस्तुमान अक्षय्यतेच्या नियमाचा हा आविष्कार होय. दुसरे विधान घटनेचे : हे पदार्थ एकत्र आले असता ही गोष्ट घडते. पहिले विधान कागदावर तपासता येते. दुसरे तपासण्यासाठी पदार्थाचे गुणधर्म माहीत असावे लागतात.

पुढील समीकरण पाहावे.

सोडियम क्लोराइड + पोटॅशियम नायट्रेट → सोडियम नायट्रेट + पोटॅशियम क्लोराइड

हे समीकरण पूर्णतः संतुलित आहे. प्रत्येक सहगुणक एक आहे, दोन्ही बाजूंचे अणू सारखे आहेत, आणि तरीही सौम्य द्रावणांत असे काहीही घडत नाही. मिश्रणापूर्वी दोन पात्रांत मिळून सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम व नायट्रेट हे चार आयन पाण्यात मोकळे होते. मिश्रणानंतर तेच चार आयन एका पात्रात मोकळे आहेत. चारही संभाव्य क्षार विद्राव्य असल्यामुळे कोणतीही जोडी पाण्याबाहेर पडत नाही. ‘दुहेरी विस्थापन’ हे नाव ऐकलेला विद्यार्थी मात्र येथेही जोडीदारांची अदलाबदल करून मोकळा होतो, कारण अदलाबदल हीच अभिक्रिया आहे असा त्याचा समज झालेला असतो.

येथेच प्रचलित मांडणीतील मूळ उणीव दिसते. ‘अभिक्रिया होत नाही’ हे रसायनशास्त्रातील एक सन्मान्य उत्तर आहे. आपल्या प्रश्नपत्रिकांत मात्र त्याला जवळजवळ स्थान नाही. प्रत्येक प्रश्नाला बाण असतो आणि प्रत्येक बाणाच्या उजवीकडे काहीतरी लिहावेच लागते.

३. संतुलनाचे श्रम कोठे खर्ची पडतात?

अवक्षेपणाची दोन उदाहरणे जवळजवळ सर्वत्र दिली जातात. पहिले सिल्व्हर नायट्रेट व सोडियम क्लोराइड यांचे. येथे सर्व सहगुणक एक असल्याने संतुलनाचा सराव होतच नाही. दुसरे बेरियम क्लोराइड व सोडियम सल्फेट यांचे :

बेरियम क्लोराइड + सोडियम सल्फेट → बेरियम सल्फेट ↓ + २ सोडियम क्लोराइड

विद्यार्थ्याने येथे ‘२’ हा आकडा शोधून काढावयाचा असतो आणि तो मिळाला की गुण मिळतात. परंतु हा आकडा लागतो कोणाला? सोडियम क्लोराइडला. म्हणजे जे दोन आयन अभिक्रियेच्या आधी पाण्यात मोकळे होते आणि नंतरही मोकळेच राहिले, त्या प्रेक्षक आयनांच्या मोजणीसाठी सारे श्रम खर्ची पडले. प्रत्यक्ष घडलेली घटना एवढीच :

बेरियम आयन (२ धन) + सल्फेट आयन (२ ऋण) → बेरियम सल्फेट ↓

या निव्वळ आयनिक समीकरणात एकही सहगुणक शोधावा लागत नाही. प्रभार परस्परांना पुरे पडतात एवढे पाहिले की काम संपते. उलट लेड नायट्रेट व पोटॅशियम आयोडाइड यांच्या उदाहरणात पिवळा लेड आयोडाइड मिळतो तेव्हा ‘२’ हा आकडा खरोखर घटनेचा भाग असतो. दोन धन प्रभाराच्या एका शिसे आयनाला एक ऋण प्रभाराचे दोन आयोडाइड आयन लागतात. पूर्ण समीकरणात हे दोन्ही ‘२’ सारखेच दिसतात. एक प्रेक्षकांची गणती आहे आणि दुसरा घडणाऱ्या पदार्थाची रचना सांगतो, हा फरक विद्यार्थ्याला दिसावा अशी सोय आपण केलेली नसते.

थोडे अवघड उदाहरण घेतले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कॅल्शियम क्लोराइड व सोडियम फॉस्फेट यांचे समीकरण अंदाजाने संतुलित करावयास बसलेला विद्यार्थी आधी क्लोरीन, मग सोडियम, मग पुन्हा कॅल्शियम असा फिरत राहतो. काही जण कंटाळून रेणुसूत्रातील पायांकच बदलतात आणि अस्तित्वात नसलेला पदार्थ निर्माण करतात. याउलट प्रभारापासून सुरुवात केली तर मार्ग सरळ आहे. कॅल्शियमचा प्रभार २ धन, फॉस्फेटचा ३ ऋण. दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य ६. म्हणून ३ कॅल्शियम आयन व २ फॉस्फेट आयन एकत्र येतील. ३ कॅल्शियम आयनांसाठी ३ कॅल्शियम क्लोराइड, २ फॉस्फेट आयनांसाठी २ सोडियम फॉस्फेट. उरलेले ६ सोडियम व ६ क्लोराइड आयन पाण्यातच राहतात.

३ कॅल्शियम क्लोराइड + २ सोडियम फॉस्फेट → कॅल्शियम फॉस्फेट ↓ + ६ सोडियम क्लोराइड

येथे एकही आकडा अंदाजाने आलेला नाही. घटनेचे आकलन आधी झाले आणि संतुलन त्यातून निष्पन्न झाले. आपल्या अध्यापनातील क्रम नेमका उलटा आहे.

४. बेरियम सल्फेटचे ‘द्रावण’

मोजदादीलाच सर्वस्व मानल्याने काय घडते, याचे एक बोलके उदाहरण दहावीच्या पातळीवरील सराव-प्रश्नांत वारंवार भेटते. पोटॅशियम क्रोमेट आणि बेरियम सल्फेट यांची अभिक्रिया होऊन बेरियम क्रोमेटचा पिवळा अवक्षेप व पोटॅशियम सल्फेट मिळते, असे त्यात गृहीत धरलेले असते. समीकरण एकास एक संतुलित होते, विद्यार्थी ‘दुहेरी विस्थापन’ असे लिहितो आणि पूर्ण गुण मिळवितो.

परंतु बेरियम सल्फेट हा स्वतःच अविद्राव्यतेचा नमुना म्हणून सांगितला जाणारा पदार्थ आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात तो जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो. पोटाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला बेरियमयुक्त पांढरे मिश्रण पाजले जाते, ते याच पदार्थाचे. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. जठरातील आम्लात विरघळणारे बेरियम कार्बोनेटही विषारी ठरते. बेरियम सल्फेट विरघळत नाही म्हणूनच ते सुरक्षितपणे पोटात घेता येते. ज्या पदार्थाची उपयुक्तता त्याच्या न विरघळण्यात आहे, त्याच्या द्रावणात थेंबाथेंबाने क्रोमेट मिसळण्याची कल्पना विद्यार्थ्यासमोर ठेवणे कितपत योग्य आहे?

या उदाहरणाला आणखी एक पदर आहे. बेरियम सल्फेट व बेरियम क्रोमेट या दोहोंचे विद्राव्यता गुणाकार जवळजवळ सारखे, १ भागिले १००० कोटी या श्रेणीतले आहेत. म्हणजे एकाचे दुसऱ्यात पूर्ण रूपांतर होण्यास ठोस कारण नाही. क्रोमेटचे प्रमाण पुष्कळ वाढविले तर घन बेरियम सल्फेटचे काही अंशी क्रोमेटमध्ये रूपांतर होऊ शकेल, पण तो समतोलाचा प्रश्न झाला. तो एकेरी बाणाने आणि खाली वळलेल्या चिन्हाने व्यक्त होत नाही. उदाहरणातील बेरियम सल्फेटऐवजी बेरियम क्लोराइड घेतले असते तर सारे सुरळीत झाले असते. ही चूक अनेक वर्षे नजरेतून सुटू शकते, याचे कारण एवढेच की समीकरण संतुलित आहे.

५. विद्राव्यता : होय आणि नाही यांच्या पलीकडे

विद्राव्य पदार्थ आणि अविद्राव्य पदार्थ अशी दोन खणांची विभागणी प्रारंभी सोयीची असते, हे मान्य करावयास हवे. नायट्रेट सर्व विद्राव्य. क्लोराइड बहुधा विद्राव्य, चांदी व शिसे हे ठळक अपवाद. सल्फेट बहुधा विद्राव्य, बेरियम व शिसे हे अपवाद. कार्बोनेट व फॉस्फेट बहुधा अविद्राव्य, सोडियम, पोटॅशियम व अमोनियम हे अपवाद. एवढ्या चार ओळींवर प्रारंभिक पातळीची बहुतेक उदाहरणे सुटतात. परंतु ही विभागणी म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, एका सलग मापनपट्टीवर आपण ओढलेली ती रेषा आहे, याची जाणीव शिक्षकाने ठेवली पाहिजे.

या संदर्भात इतिहासातील एक घटना उद्बोधक आहे. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेथील नेट्रॉन सरोवरांच्या काठी सोडियम कार्बोनेटचे थर पाहिले. प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराइड व सोडियम कार्बोनेट एकत्र केले की चुनखडीचा अवक्षेप मिळतो. येथे चुनखडी व मीठ एकत्र असताना नेमकी उलट दिशेची प्रक्रिया घडलेली दिसत होती. अभिक्रियेची दिशा पदार्थांच्या केवळ स्वभावावर नव्हे, तर त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते, हा विचार त्यातून पुढे आला व १८०३ मधील त्याच्या ग्रंथात मांडला गेला. पुढे १८६४ मध्ये गुल्डबर्ग व व्हागे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला. त्यांच्या प्रयोगांत बेरियम सल्फेट व पोटॅशियम कार्बोनेट यांच्यातील समतोलाचा अभ्यास होता. म्हणजे आपल्या सराव-प्रश्नांत एका ओळीत उरकला जाणारा प्रकार हा एकोणिसाव्या शतकातील मूलभूत संशोधनाचा विषय होता.

हीच गोष्ट समजून घेण्यासाठी पनवेलच्या विद्यार्थ्याला इजिप्तला जाण्याची आवश्यकता नाही. पनवेल, उरण व पेण तालुक्यांच्या खाडीकाठी मिठागरांची जुनी परंपरा आहे. बंदर व नवी मुंबईच्या विस्तारात त्यांतील पुष्कळ मिठागरे गेली, तरी त्यांची आठवण घराघरांत आहे. भरतीचे पाणी एकामागून एक उथळ कोंड्यांत फिरविले जाते आणि उन्हाने आटत जाते. समुद्राच्या पाण्यात सर्वाधिक प्रमाण मिठाचेच असते, तरीही सर्वप्रथम मीठ खाली बसत नाही. आधी थोडे कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि त्यानंतर, पाणी सुमारे एक दशांश उरले असता, मीठ. जिप्सम लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळते, मीठ सुमारे ३६० ग्रॅम. ज्याची मर्यादा लहान तो, प्रमाणाने कमी असूनही, आधी बाहेर पडतो. मॅग्नेशियमचे कडू क्षार अखेरपर्यंत पाण्यात राहतात. येथे दोन द्रावणे मिसळण्याऐवजी पाणी आटते, एवढाच भेद. मर्यादा ओलांडली की आयन एकत्र येऊन बाहेर पडतात, हे तत्त्व तेच. विद्राव्यतेची मापनपट्टी याहून प्रत्ययकारी रीतीने दाखविणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण आहे.

६. परिभाषेचा प्रश्न

आकलनाच्या या अडचणीत भाषेचाही वाटा आहे. मराठीत रसायनशास्त्राची परिभाषा घडविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू आहेत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक यांचे कार्य या बाबतीत सर्वपरिचित आहे. पुढे भाषा संचालनालय, मराठी विश्वकोश व मराठी विज्ञान परिषद यांनी हे काम पुढे नेले. परिणामतः आज आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही, किंबहुना एकाच कल्पनेसाठी अनेक शब्द आहेत. पाठ्यपुस्तकातील ‘द्रावण’ विश्वकोशात ‘विद्राव’ होते. ‘अवक्षेप’ आणि ‘साका’ दोन्ही चालतात. एका इयत्तेत ‘मूलक’ म्हणून भेटलेली वस्तू दुसरीकडे ‘आयन’ म्हणून भेटते. अकरावीला माध्यम इंग्रजी झाले की यांतील कोणताच शब्द उरत नाही. प्रयोगवहीत ‘पांढरा पीपीटी’ एवढेच लिहिले जाते आणि हे कोणत्या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे याचाही विसर पडतो.

‘अवक्षेप’ हा शब्द अर्थवाही आहे. खाली टाकलेले ते अवक्षेप. परंतु विद्यार्थ्याच्या मनात त्याचा संबंध ‘गाळ’ या नित्याच्या शब्दाशी जुळतो आणि तेथे घोटाळा होतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यातील माती आधीपासूनच स्थायूरूपात असते, ती फक्त खाली बसते. अवक्षेपातील पदार्थ मिश्रणापूर्वी स्थायूरूपात नसतोच. तो मिश्रणाच्या क्षणी निर्माण होतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची घरगुती रीत या दृष्टीने फार उपयुक्त आहे, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. तुरटीतील ॲल्युमिनियमपासून पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा मऊ, कापसासारखा अवक्षेप तयार होतो आणि तो मातीच्या बारीक कणांना आपल्यात ओढून घेऊन खाली बसतो. तळाशी साचलेल्या थरात माती हा गाळ आहे आणि हायड्रॉक्साइड हा अवक्षेप आहे. हा एक भेद समजला तरी पुष्कळ साधले.

तीच गोष्ट ‘चुन्याच्या निवळी’ची. निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे विद्यार्थी प्राथमिक शाळेपासून जाणतो. मात्र कार्बन डायऑक्साइडची परीक्षा म्हणूनच ते त्याच्या स्मरणात असते. आपण पाहिलेली ती पहिली अवक्षेपण अभिक्रिया होती, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

७. चुन्याचा हिशेब

समीकरणाच्या आकलनाचा प्रश्न केवळ परीक्षेपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. पनवेल तालुक्यात तळोजा औद्योगिक क्षेत्र आहे. खालापूर तालुक्यात पाताळगंगा व रसायनी परिसर आहे. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे विज्ञान शाखेचे पदवीधर या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत व सांडपाणी प्रक्रिया विभागांत नोकरी शोधतात. तळोजा येथून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हे सर्वज्ञात आहे. सांडपाण्यातील जड धातू वेगळे करण्याची प्रमुख पद्धत म्हणजे चुना किंवा अन्य अल्कली घालून त्यांचे हायड्रॉक्साइड अवक्षेपित करणे.

उदाहरणादाखल त्रिसंयुजी क्रोमियम घेऊ.

२ क्रोमियम आयन (३ धन) + ३ कॅल्शियम हायड्रॉक्साइड → २ क्रोमियम हायड्रॉक्साइड ↓ + ३ कॅल्शियम आयन (२ धन)

म्हणजे १०४ ग्रॅम क्रोमियमला २२२ ग्रॅम, अर्थात एका किलोग्रॅमला सुमारे २.१३ किलोग्रॅम विरलेला चुना हवा. सहगुणकांकडे दुर्लक्ष करून एकास एक हिशेब केला तर उत्तर १.४२ किलोग्रॅम येते आणि तत्त्वतः एक तृतीयांश क्रोमियम पाण्यातच राहते. येथे मोजदाद चुकली, तर नदीला तिची किंमत मोजावी लागते. पण नुसती मोजदाद पुरेशीही नाही. क्रोमियम षट्‌संयुजी स्वरूपात असेल तर चुन्याने त्याचा हायड्रॉक्साइड मिळत नाही. आधी त्याचे क्षपण करून त्रिसंयुजी रूप आणावे लागते. शिवाय अल्कली प्रमाणाबाहेर झाल्यास अवक्षेपित झालेले क्रोमियम हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते. कोणता आयन पाण्यात आहे, हा प्रश्न आधी. किती चुना, हा नंतर. दोहोंपैकी एकच प्रश्न विचारावयास शिकलेला पदवीधर या कामात अपुरा पडतो.

८. पर्यायी मांडणीची रूपरेषा

यावर काही आक्षेप संभवतात. दहावीच्या विद्यार्थ्याला विद्राव्यता गुणाकार कसा शिकविणार? वर्गातील मोठी संख्या, अपुरे साहित्य, परीक्षेचे दडपण यांचे काय? हे आक्षेप अवास्तव नाहीत. परंतु येथे सुचविलेल्या बदलाला विद्राव्यता गुणाकाराची गरज नाही. वर दिलेल्या चार ओळी पुरेत. बदल आशयात कमी आणि क्रमात अधिक आहे. प्रथम दोन्ही द्रावणांतील आयन लिहावेत. मग कोणती जोडी पाण्यात राहू शकत नाही ते ठरवावे. तशी जोडी नसेल तर ‘अभिक्रिया होत नाही’ असे लिहून थांबावे. असेल तर प्रभार जुळवून निव्वळ आयनिक समीकरण लिहावे आणि शेवटी, आवश्यकता असल्यास, पूर्ण समीकरण.

महागडे सिल्व्हर नायट्रेटही अनिवार्य नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात धुण्याचा सोडा, चुन्याच्या निवळीत धुण्याचा सोडा आणि चुन्याच्या निवळीत फुंकर, असे तीन प्रयोग अल्प खर्चात होतात. तिन्हींची पूर्ण समीकरणे निरनिराळी आहेत, पण मिळणारा पांढरा पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आणि फुंकरीतील वायूपासून निवळीत आधी कार्बोनेट आयन तयार होतो हे लक्षात घेतले तर अवक्षेपणाची घटनाही एकच. निव्वळ आयनिक समीकरण कशासाठी, याचे उत्तर यातून विद्यार्थी स्वतःच देईल.

मूल्यमापनातही यानुसार फेरफार व्हावा. तीन गुणांच्या प्रश्नात एक गुण अवक्षेप ओळखण्यास व त्याचे कारण देण्यास, एक निव्वळ आयनिक समीकरणास आणि एक सहगुणकांस द्यावा. प्रत्येक प्रश्नसंचात किमान एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर ‘अभिक्रिया होत नाही’ असेल.

९. समारोप

समीकरण संतुलित करणे हे कौशल्य गौण आहे, असा या विवेचनाचा आशय नाही. चुन्याच्या हिशेबाने त्याचे महत्त्व उलट अधोरेखितच होते. आक्षेप आहे तो मोजदादीला आकलनाच्या जागी बसविण्यास. बेरियम सल्फेटच्या ‘द्रावणा’वर शंका घेणारा विद्यार्थी आणि तेथेच निमूटपणे सहगुणक मोजणारा विद्यार्थी या दोघांना आज आपण सारखेच गुण देतो, किंबहुना शंका घेणाऱ्याचे उत्तर अपूर्ण राहिल्याने त्याचे गुण कमी होण्याचाच संभव अधिक. हे चित्र बदलण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील चाचणीचे प्रश्न काढताना प्रत्येक बाणापूर्वी ‘हे खरोखर घडते काय?’ असे स्वतःला विचारण्याचे पथ्य आपण शिक्षकांनी पाळले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.